‘येतोय म्हणे’ आणि ‘येतोय’: नव्या अल्बमच्या वावड्या कशा पारखायच्या

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी रात्री साडेअकराला खानापूरहून फोन आला. आमच्या रॉक ऐकणाऱ्या टोळीतला हा सगळ्यांत धाकटा, अजून कॉलेजात. “दादा, उद्या नवा अल्बम येतोय म्हणून सांगालेत. खरं हाय काय गा?” कोण सांगालेत, असं विचारलं. “सगळेच की!”

हे ‘सगळेच’ कोण ते शोधायला आम्हाला चार दिवस लागले. बँडचं नाव इथे लिहीत नाही. बातमी खोटी निघाली, आणि माझ्यामुळे ती पुन्हा चालायला लागू नये. पण तिचा प्रवास सांगण्यासारखा आहे. खानापूरच्या पोराला ती टिळकवाडीतल्या एकाने पाठवली होती: “उद्या शुक्रवारी येतोय.” टिळकवाडीला ती गोकाकच्या मित्राकडून कन्नडमध्ये आली होती, आणि तिचा अर्थ होता, ‘या शुक्रवारी येणार.’ गोकाकला बेंगळुरूत शिकणाऱ्या बहिणीने कळवलं होतं, की याच वर्षात येईल, बहुतेक एखाद्या शुक्रवारी. आणि बहिणीने वाचलेलं मूळ इंग्रजी वाक्य एवढंच होतं: बँडचा ड्रमवादक एका स्टुडिओच्या दारात दिसला, वर्षअखेरीपर्यंत काही नवं येऊ शकेल. सगळ्याच्या मुळाशी एक फोटो. यात कुणीच खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने आनंदाच्या भरात एकेक शब्द गाळला, एवढंच.

‘येऊ शकेल’, ‘येईल’, ‘येणार’, ‘येतोय’. क्रियापद तेच, पण प्रत्येक हातात एक पायरी चढलेलं. आणि वाटेत कुठेतरी ‘म्हणे’ गळालं. मराठीत हा फार मोलाचा शब्द आहे. “येतोय म्हणे” याचा अर्थ मी पाहिलेलं नाही, माझ्या कानावर आलंय. कन्नडमध्ये हेच काम क्रियापदाला चिकटणारं ‘अंते’ करतं. सीमाभागातली आमची टोळी दोन्ही भाषांत बोलते, म्हणजे ऐकीव गोष्टीला ऐकीव म्हणायची सोय आमच्याकडे दुहेरी आहे. इंग्रजीत हे काम बऱ्याचदा वाक्याच्या कडेला ठेवलेल्या शब्दांवर असतं, आणि घाईत भाषांतर करताना नेमके तेच मागे राहतात. आमच्या घरच्या भाषांनी अफवेसाठी दिलेले शब्दही पाहण्यासारखे आहेत. मराठीत वावडी उठते. वावडी म्हणजे मोठा पतंग. कन्नडमध्ये अफवेला ‘गाळीसुद्दी’ म्हणतात, म्हणजे वाऱ्यावरची बातमी. दोघांनाही एकच दिसलं: वारा. पण पतंगाला दोरी असते, आणि दोरी धरून मागे गेलं की कुणाच्या तरी हातापर्यंत पोचता येतं.

अफवांचा अभ्यास आपल्या देशात फार आधी झाला आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर लोकांत फिरणाऱ्या बातम्या जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि त्यावरचा शोधनिबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. अमुक दिवशी आणखी मोठा धक्का बसणार, असली भाकितं त्यात होती. पुढे १९४७ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक साधं सूत्र मांडलं. गोष्ट आपल्याला जितकी महत्त्वाची आणि तिच्याबद्दलची माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. हा गुणाकार आहे, बेरीज नाही. दोहोंपैकी एक शून्य झालं की अफवा उठतच नाही. ज्या गायकाचं आपल्याला काही पडलेलं नाही त्याच्या अल्बमची वावडी आपण पुढे पाठवत नाही, आणि ज्याची तारीख जाहीर झाली आहे त्याबद्दल वावडी उरत नाही.

हे सूत्र मी पुस्तकात वाचायच्या आधी बसमध्ये अनुभवलं होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटालिका हा अमेरिकी बँड पहिल्यांदा भारतात आला. २८ तारखेचा गुडगावचा कार्यक्रम आयत्या वेळी होऊ शकला नाही. बेंगळुरूचा पॅलेस ग्राउंड्सवरचा कार्यक्रम ३० ला होता. आम्ही सहाजण रात्रीच्या गाडीने बेळगावहून निघालो, पाचशे किलोमीटर. वाटेत गाडी जिथे थांबेल तिथे कुणाचा तरी फोन वाजायचा आणि बेंगळुरूचाही रद्द झाल्याची नवी खबर यायची. हुबळीला ‘रद्द होणार म्हणे’, दावणगेरीला ‘रद्द झाला’. आमच्यातल्या एकाने तर परतीची गाडी बघायला सुरुवात केली होती. कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला आणि मी त्या गर्दीत उभा होतो. महत्त्व प्रचंड, माहिती पार धूसर, आणि बसमधली सगळी रात्र अफवेची.

त्याच दोन संशोधकांनी बातमी तोंडातोंडी जाताना तिचं काय होतं तेही दाखवलं. पाच-सहा जणांच्या तोंडून जाईपर्यंत सुमारे ७० टक्के तपशील गळतात. जे उरतात ते टोकदार होतात. आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधी जे असतं त्याच्याशी ते जुळवून घेतात. आमच्या बातमीत हे तिन्ही झालं. ‘स्टुडिओचं दार’ गळालं, ‘शुक्रवार’ टोकदार झाला. तो शुक्रवार बहिणीने स्वतःच्या माहितीतून घातला होता, कारण नवे अल्बम शुक्रवारी येतात हे तिला ठाऊक होतं.

मग खरी खबर कुठून येते? बेळगावात एखादं लग्न ठरलं की पत्रिका छापून यायच्या आधी तारीख कुणाकुणाला कळलेली असते ते आठवा. मांडे करणाऱ्या मावशींना सांगून झालेलं असतं. कार्यालय धरलेलं असतं. वाजंत्रीवाल्याने विसार घेतलेला असतो. शहापुरातल्या दुकानात साड्या बाजूला काढून ठेवलेल्या असतात. घरचे कितीही गप्प बसोत, मांड्यांची ऑर्डर गेली की गल्लीला कळतं. अल्बमचंही असंच आहे. कलाकार ‘जाहीर’ करतो तो शेवटचा टप्पा. त्याआधी ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, मास्टरिंग, मुखपृष्ठ, गाण्यांची नोंदणी, तबकड्यांची छपाई, दुकानांना आगाऊ माहिती, असं बरंच काही झालेलं असतं, आणि प्रत्येक टप्प्यावर काही माणसांना आणि काही कागदांना ते कळलेलं असतं. म्हणून वावडी आली की पहिला प्रश्न हा विचारायचा, की ही कुठल्या टप्प्यावरून सुटली असेल? कितीजण बोलतायत हा प्रश्न नंतरचा. खरं तर तो विचारायचीही गरज नाही.

सगळ्यांत कच्ची खबर स्टुडिओच्या दारातल्या फोटोची. स्टुडिओत माणूस कशालाही जातो. दुसऱ्याच्या गाण्यात वाजवायला, जुनं ध्वनिमुद्रण नीट करायला, सिनेमासाठी, नुसता सराव करायला. शिवाय ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन यांत वर्षानुवर्षं जाऊ शकतात. टूल या बँडच्या २००६ आणि २०१९ मधल्या दोन अल्बमांत तेरा वर्षांचं अंतर होतं, आणि त्या काळात “आता येतोच” ही खबर किती वेळा आली याची गणती नाही.

गाण्यांच्या नोंदणीची खबर त्याहून बरी. गाणं कुठेही वाजलं की गीतकार-संगीतकाराला मानधन मिळावं म्हणून त्याची नोंद हक्कसंस्थेकडे करावी लागते. आपल्याकडे हे काम १९६९ पासून आयपीआरएस करते, अमेरिकेत एएससीएपी आणि बीएमआय या मोठ्या संस्था. त्यांच्या याद्या कुणालाही शोधता येतात, आणि चाहते तिथे रोज डोकावतात. अनोळखी शीर्षक दिसलं की गडबड सुरू. पण नोंद झाली म्हणजे गाणं अस्तित्वात आहे, इतकंच कळतं. ते अल्बमात येईल, की एखाद्या मालिकेत वाजेल, की दहा वर्षं तसंच पडून राहील, हे ती नोंद सांगत नाही. शीर्षकही तात्पुरतं असू शकतं.

कागदावरून लागलेला माग किती नेमका असू शकतो याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण रेडिओहेडचं आहे. ब्रिटनमध्ये कंपनी काढली की तिची सरकारी नोंद सगळ्यांना पाहता येते. या बँडने आपल्या आधीच्या अल्बमांच्या आगेमागे नव्या नावाची कंपनी काढली होती, हे चाहत्यांच्या लक्षात राहिलं होतं. २०१६ च्या सुरुवातीला ‘डॉन कोरस’ नावाची नवी नोंद दिसली आणि जुने चाहते ताडकन उठून बसले. एप्रिलअखेर काहीजणांच्या घरी पोस्टाने गूढ पत्रकं आली. १ मे रोजी बँडचं इंटरनेटवरचं सगळं अस्तित्व कोरं झालं. ८ मे रोजी अल्बम आला. कंपनीची नोंद पाहून “काहीतरी शिजतंय” म्हणणारे बरोबर होते, आणि त्यांनी तेवढंच म्हटलं होतं. तारीख त्यांनी सांगितली नव्हती, कारण कागदात तारीख नव्हती. पारखणं म्हणतात ते हेच.

तारखेचा सुगावा लागतो तो छपाईवरून. विनाइल तबकडी छापायला महिने जातात. कारखान्यांकडे आधीच रांग असते. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावचा अपोलो मास्टर्स हा कारखाना जळाला. तबकडीचा मूळ साचा कोरण्यासाठी लागणारी रोगणाच्या (लॅकरच्या) लेपाची चकती बनवणारे जगात मोजून दोन मोठे कारखाने होते, त्यातला हा एक. त्यामुळे कुणी म्हणालं, की कालच गाणी रेकॉर्ड झाली आणि पुढच्या महिन्यात तबकडी हातात, तर ते बहुतेक खरं नसतं. डिजिटल अल्बम मात्र उद्याही येऊ शकतो.

दुकानांच्या यादीतली तारीख पाहताना आणखी एक सावधगिरी. संगणकात रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून विक्रेते कित्येकदा जागा भरण्यापुरती तारीख टाकतात. ३१ डिसेंबर दिसली की मी ती बातमी बाजूलाच ठेवतो. आणि तारीख शुक्रवारची नसेल तरी थोडं थांबावं. १० जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी प्रकाशित करायचं ठरलं. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार आणि अमेरिकेत मंगळवार असायचा. अपवाद आहेत (वर सांगितलेला ८ मे रविवार होता), पण ते मोजके.

याच शुक्रवारामुळे आपल्याकडे गुरुवारी संध्याकाळी एक खास गोंधळ उडतो. बरेच अल्बम त्या त्या देशाच्या मध्यरात्री उघडतात. न्यूझीलंडमध्ये मध्यरात्र होते तेव्हा बेळगावात संध्याकाळचे साडेचार किंवा साडेपाच वाजलेले असतात, तिथलं घड्याळ ऋतूनुसार एक तास पुढेमागे होत असल्यामुळे. म्हणजे आपण चहाचा कप हातात घेतलेला असताना “आला, आला!” असं तिकडचं कुणी म्हणत असेल, तर ते शंभर टक्के खरं असू शकतं. तुमच्या फोनवर दिसत नाही म्हणून त्याला खोटारडा ठरवू नका.

कधीकधी वावडी स्वतः कलाकारच उडवतो. १७ ऑगस्ट २०२३ ला लंडनच्या ‘हॅकनी गॅझेट’ या स्थानिक वर्तमानपत्रात काचा दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाची जाहिरात आली. आपल्या ‘तरुण भारत’च्या आतल्या पानावर गोवावेसच्या एखाद्या काचवाल्याची यावी तशी. वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं, की मजकुरात रोलिंग स्टोन्सच्या जुन्या गाण्यांची शीर्षकं गुंफली आहेत. असं दुकान नव्हतंच. ‘हॅकनी डायमंड्स’ हे त्या दुकानाचं नाव म्हणजे येऊ घातलेल्या अल्बमचं नाव होतं. लंडनच्या बोलीत फोडलेल्या काचेच्या चुऱ्याला तसं म्हणतात. सप्टेंबरमध्ये घोषणा झाली, २० ऑक्टोबरला अल्बम आला, स्वतःच्या नव्या गाण्यांचा २००५ नंतरचा पहिलाच. ज्या गावात छोट्या जाहिराती अजून मन लावून वाचल्या जातात, त्या गावच्या माणसाला ही गोष्ट किती जवळची वाटते ते मी सांगायला नको.

याच्या अगदी उलट डेव्हिड बोवी. २००३ नंतर त्यांचा अल्बम आला नव्हता, आणि बोवी निवृत्तच झाले असं जवळपास सगळ्यांनी धरलं होतं. ८ जानेवारी २०१३ ला, त्यांच्या ६६ व्या वाढदिवशी, पहाटेच नवं गाणं आलं आणि मार्चमध्ये अल्बम येणार हे कळलं. न्यूयॉर्कमध्ये दोनेक वर्षं काम चाललं होतं. सामील असलेल्यांकडून गुप्ततेच्या करारावर सह्या घेतल्या होत्या. अफवा नाही म्हणजे काही शिजत नाही, असंही समजून चालत नाही.

मात्र कुणावर विश्वास ठेवायचा हे मला सर्वांत नीट शिकवलं ते ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी गायकाच्या ‘नेब्रास्का’ या अल्बमने. १९८२ च्या जानेवारीत त्यांनी न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकट्याने गाणी गायली. मग तीच गाणी पूर्ण बँडला घेऊन स्टुडिओत करून पाहिली. मनासारखी झाली नाहीत, म्हणून घरची कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली. बँडसोबतची ती ध्वनिमुद्रणं कुठेतरी आहेत, ही वावडी चाहत्यांत चाळीस वर्षं जिवंत राहिली. २०२५ मध्ये खुद्द स्प्रिंगस्टीन एका मुलाखतीत म्हणाले, की असं काही नाही. मग त्यांनी तिजोरी तपासायला सांगितली, आणि टेप सापडल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या प्रकाशितही झाल्या. पण बँडच्या ड्रमवादकाने, मॅक्स वाइनबर्ग यांनी, ती ध्वनिमुद्रणं झाल्याचं आधीच सांगितलेलं होतं. ते त्या खोलीत ढोल बडवत बसले होते! नकार साक्षात कलाकाराचा होता, तरी खोलीत हजर असलेल्या माणसाची आठवण खरी ठरली. म्हणून आमच्या टोळीत कुणी खबर आणली की मी विचारतो: सांगणारा त्या खोलीत होता का? खोलीत असलेल्याला ओळखतो का? की ओळखणाऱ्याला ओळखतो?

इथवर वावडीची गोष्ट झाली. गाणंच चोरून बाहेर येणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती वावडीच्या गोणीत टाकू नये. २००० साली मेटालिकाचं एक अपुरं गाणं प्रकाशनाआधीच रेडिओवर वाजू लागलं. माग काढत बँड नॅपस्टरपर्यंत, म्हणजे गाण्यांच्या फाइली एकमेकांना फुकट देण्याच्या इंटरनेटवरच्या सेवेपर्यंत, पोचला आणि खटला उभा राहिला. गन्स अँड रोझेस या बँडच्या ‘चायनीज डेमोक्रसी’ या अल्बमची चाहते नव्वदच्या दशकापासून वाट पाहत होते. जून २००८ मध्ये त्यातली नऊ गाणी एका चाहत्याने इंटरनेटवर टाकली. ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली, आणि पुढे दोन महिने घरात स्थानबद्धता व वर्षभर देखरेख अशी शिक्षा झाली. अल्बम नोव्हेंबर २००८ मध्ये रीतसर आला. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ‘अल्बम येतोय म्हणे’ असं सांगणं गुन्हा नाही. चोरीची फाइल पुढे पाठवणं गुन्हा ठरू शकतो. कुणाची तरी तीन वर्षांची मेहनत अर्धवट अवस्थेत जगापुढे मांडली जाते तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचार मनात आला की मला ती फाइल उघडवत नाही.

आता तर फाइल खरी की बनावट हेही कानाला कळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये ड्रेक आणि द वीकएंड या गायकांच्या आवाजांची यंत्राने केलेली नक्कल लाखोंनी ऐकली, मग ते गाणं सगळीकडून काढावं लागलं. ‘लीक झालेलं गाणं’ म्हणून येणारी कुठलीही गोष्ट त्यामुळे मी अर्ध्या विश्वासाने सुद्धा घेत नाही.

आणि पैशांचं बोलायलाच हवं, कारण आमच्यातल्या एका निपाणीच्या मित्राला त्याचा फटका बसला. न जाहीर झालेल्या अल्बमची ‘मर्यादित’ तबकडी आगाऊ नोंदवा, म्हणून एका अनोळखी माणसाने त्याच्याकडून अडीच हजार रुपये घेतले. तबकडी आली नाही, माणूसही नाही. त्याने लाजेने महिनाभर कुणाला सांगितलं नाही. असं झालं तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त असते. अल्बम कलाकाराने किंवा त्याच्या कंपनीने जाहीर केलेला नसेल, तर त्याची आगाऊ विक्री करण्याचा हक्क कुणालाच नसतो, हे मनात पक्कं असू द्या.

त्या गुरुवारच्या फोननंतर मी पोरांना अफवा सांगू नका असं म्हटलं नाही. का म्हणावं? खडेबाजारात एका दुकानात कॅसेट यायची तेव्हा पुढचा अल्बम कसा असेल यावर आम्ही रात्ररात्र बोललो आहोत, आणि प्रत्यक्ष कॅसेट हातात पडली तेव्हाइतकाच आनंद त्या बोलण्यातही होता. आम्ही फक्त एवढं ठरवलं, की खबर टाकणाऱ्याने दोरी सोबत द्यायची: कुठून कळलं, कुठल्या टप्प्यावरची आहे, स्वतः पाहिलं की ऐकलं. कन्नडमध्ये लिहिणाऱ्याने ‘अंते’ गाळायचं नाही, मराठीत लिहिणाऱ्याने ‘म्हणे’.

परवा खानापूरच्या त्याच पोराचा निरोप आला. तो जसाच्या तसा देतो: “दादा, नोंदणीच्या यादीत दोन नवी शीर्षकं दिसली, मी स्वतः बघितली. अल्बमातलीच असतील असं गोकाकचा म्हणतोय, त्याला पण कुणीतरी सांगितलंय म्हणे. तारीख काय नाय.”